चालेल म्हणायचं नाही

"चालायला तू काय रिक्षा आहेस?"

चाचा माझ्याशी बोलले त्यातलं हे दुसरं वाक्य. पहिलं होतं, "चहा घेणार की कॉफी?" त्यावर मी म्हटलं होतं, "काहीही चालेल." दुसऱ्याच्या घरी गेलं की असंच बोलायचं, हे आमच्या आईनं मला पाय फुटायच्या आधी शिकवलं होतं. समोरचा माणूस साठीचा, अंगात जहाजावरचा नारिंगी बॉयलर सूट, छातीच्या खिशात टॉर्च, तोही भर दुपारी. असा माणूस असं काही बोलेल याची मला काय कल्पना? माडीवर वह्या पसरून बसलेली बाकीची पोरं गालातल्या गालात हसत होती. चहाही आला नाही नि कॉफीही आली नाही. गाडीची वेळ झाली तशी मी उठले, तेव्हा चाचा म्हणाले, "उद्या ठरवून ये."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेले आणि घशातल्या घशात म्हटलं, "चहा."

"साखर किती?"

तोंडातून "किती पण" निघणार होतं, ते गिळलं आणि म्हटलं, "कमी." खरं तर मला साखर जास्त लागते. पण काहीतरी सांगायला पाहिजे म्हणून सांगितलं, नि पुढे कित्येक महिने तो फिका चहा तोंड वाकडं न करता पीत राहिले. एकदा सांगितलेलं बदलताही येतं, हा धडा फार पुढे होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पावसच्या पुढे आत आमची वाडी. बाबा एका बागायतदाराच्या आंब्याच्या बागेत कामाला. बारावी सायन्सला मला बरे मार्क पडले, तेव्हा हायस्कूलचे सर घरी येऊन म्हणाले, हिला थांबवू नका. बाबांनी थांबवलं नाही, पण अट घातली. "एकदा नापास झालीस की शिक्षण बंद. मिरजोळ्याला कंपनीत लावीन." मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझी चुलत बहीण कामाला होतीच, तिच्या ओळखीनं लागण्यासारखं होतं. बाबा काही दुष्टपणानं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी नापास होणं म्हणजे ते काम आपल्या हातचं नाही, एवढाच अर्थ. मीही मान हलवून "चालेल" म्हटलं होतं. पण मला बी.एस्सी. करायचीच होती, केमिस्ट्री घेऊन, आणि ती अट डोक्यात घेऊनच मी रोज सकाळची एसटी पकडत होते.

कॉलेज दुपारी सुटायचं आणि आमची गाडी संध्याकाळी. मधला वेळ मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून काढायचे. कँटीनमध्ये जायचं धाडस नव्हतं, आणि लायब्ररीत नुसतं बसून वाचलं तरी कोणी हाकलत नाही हे माहीत नव्हतं. एक दिवस डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई छत्री टेकत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कॉलेजची ना गो तू? रोज बघते. हितं डास चावून घेण्यापेक्षा घरी चल. आमच्या माडीवर तुझ्यासारखी पोरं बसतात अभ्यासाला. आमचा म्हातारा जरा तिरका आहे, पण माणूस वाईट नाय."

ही चाची. पोरं हेरायची नजर चाचांची, पण परक्या मुलीशी स्टँडवर जाऊन बोलणं बरं दिसत नाही एवढं त्यांना कळत होतं, म्हणून मुलींसाठी चाची जायची. मी काही लगेच गेले नाही. घरी विचारलं. आई दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर रत्नागिरीत आली, चाचीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली, सारात आमसुलं किती घालायची यावर दोघींचा बराच वेळ वाद झाला, आणि निघताना आई मला म्हणाली, "बस हितं."

चाचांचं घर खाडीच्या अंगाला. खाली पडवी, वर माडी. माडीवर कॉलेजातली आम्ही पोरं, सगळी आजूबाजूच्या तालुक्यांतली, सगळ्यांच्या घरी आम्हीच पहिले. चाचा कोणाला नावानं हाक मारत नसत. गावाच्या नावानं मारत. मी पावस. वर्षभर पुढे असलेली, हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी होती, ती आंजर्ले. "आंजर्ले, त्या पावसला जर्नल कसं लिहायचं ते दाखव." बाहेरच्या माणसाला वाटावं, हा भूगोल शिकवतो.

ते काही शिकवत नसत. त्यांना आमच्या पुस्तकांतलं फारसं येत नव्हतं आणि तसं ते खुशाल सांगायचे. स्वतः ते फर्स्ट इयर सायन्सला एका विषयात नापास झाले होते आणि कॉलेज सोडून बोटीवर गेले होते. परत परीक्षेला बसता येतं हे त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी, कुठल्याशा बंदरात, इंजिनरूममधल्या एका पोरसवदा ऑफिसरकडून कळलं. "तवर मला दोन पोरं झाली होती," असं सांगून ते हसायचे. त्यांचे वडील मात्र पोरगा नापास झाला म्हणून बोटीवर गेला, असंच शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले. हे सांगताना चाचा हसत नसत. म्हणून माडीवर आलेल्या प्रत्येक नव्या पोराला आधी चहा-कॉफीचं विचारलं जाई, मग केटी म्हणजे काय, राहिलेला विषय परत कसा देता येतो, ते समजावून सांगितलं जाई. सणासुदीला लहान मुलांकडून पत्ता पाठ करून घेतात, हरवली तर सांगता यावा म्हणून, तसं ते आमच्याकडून केटीचे नियम म्हणवून घ्यायचे.

माडीवरचा कायदा म्हणजे "चालेल" म्हणायचं नाही. "बघू", "तुम्ही म्हणाल तसं", "माझं काही नाही", ही त्याची भावंडं, तीही बंद. "तुला काय पाहिजे ते बोल. मिळेल असं मी म्हटलं नाही. बोल एवढंच म्हटलं." हे दिवसातून कितीदा ऐकायचं त्याला गणती नाही. सुरुवातीला मला वाटायचं, हा म्हाताऱ्याचा चाळा आहे. मग लक्षात यायला लागलं की आम्ही सगळे सगळीकडे चालेलच म्हणत होतो. कॉलेजच्या खिडकीवर क्लार्क म्हणाला, ह्या विषयाला जागा नाही, तो विषय घे, चालेल. प्रॅक्टिकलची बॅच अशी मिळाली की गाडी चुकते, चालेल. तोंडावर पुस्तक आपटल्यासारखं इंग्रजी कानावर पडतंय आणि मास्तर विचारतात, कळलं ना, तर हो सर. जागा द्याल तिथं बसतो, पण उठवू नका, असा आमचा सगळा पवित्रा.

यावर चाचांनी काढलेलं औषध म्हणजे पापलेट.

एका सकाळी लेक्चर नव्हतं म्हणून मी लवकर गेले, तर त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली. आत दोन पापलेटं. "बाजारात जा. तिसऱ्या रांगेत हिरव्या छत्रीखाली बसते तिच्याकडून घेतलीत. शिळी आहेत म्हणून बदलून आण."

मी वास घेतला. मासळी ताजी फडफडीत होती.

"चाचा, ही तर ताजी आहेत."

"मला माहीत आहे. जा."

गेले. हिरव्या छत्रीखालच्या बाईनं माझं बोलणं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "शिळी? डोळे बघ त्याचे. तुझ्यापेक्षा ताजे आहेत. रात्रभर अभ्यास केलास काय गो?" आजूबाजूच्या बायका हसल्या. मी पिशवी घेऊन परत आले. चाचा म्हणाले, "काय बोललीस?" म्हटलं, "काही बोलू दिलं नाही तिनं." "मग परत जा."

दुसऱ्यांदा मला बघितल्यावर ती बाई कोयता खाली ठेवून बसली. "तुला त्या बोटवाल्या चाचानं पाठवलंन ना? दर वर्षाला कोणतरी येतंच. ये, हितं उभी राहा. मान वर कर आधी. पायाकडे बघून काय बोलतेस, पापलेट काय पायात आहेत? आता बोल." मी बोलले. "मोठ्यानं." मी मोठ्यानं बोलले. "आता मी नाय म्हणणार, तू परत बोल." असं चांगलं रंगलं. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली, एक आजोबा तर माझ्या बाजूनं भांडायला उतरले. शेवटी तिनं पापलेटं काही बदलली नाहीत, पण वर मूठभर कोळंबी घातली आणि म्हणाली, "त्याला सांग, ही पास झाली."

त्याच आठवड्यात मी कॉलेजच्या ऑफिसात प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागायला गेले. एकटी नाही. माडीवर दुसरी पद्धत होती ती सोबतीची. आमच्याकडे कोणी तिन्हीसांजेला गावाबाहेरच्या कातळाच्या सड्यावरून पलीकडच्या वाडीत निघालं की घरातलं कोणीतरी सोबत देतं. सोबत देणारा काही करत नाही, नुसता चालतो. चाचांची सोबत तशीच. नव्या पोराबरोबर जुन्यानं जायचं, शेजारी उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. काही झालं तरी उघडायचं नाही. "तू बोललास तर त्याचं काम होईल आणि तो तसाच राहील," असं ते जुन्यांना बजावत. माझी सोबत आंजर्ले. खिडकीवर मी तीनदा अडखळले तरी ती बया भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी. मला तिचा असा राग आला की त्या रागातच मी सगळं सांगून टाकलं, गाडी कधी असते, ती चुकली तर घरी पोचायला किती उशीर होतो, मला सकाळचीच बॅच पाहिजे. क्लार्क म्हणाला, "मग हे आधी नाही का सांगायचं?" आणि बॅच बदलून दिली. एवढं सोपं होतं ते. बाहेर आल्यावर आंजर्लेनं मला वडापाव खिलवला आणि मग कुठं तोंड उघडलं, ते वडा गार असल्याची तक्रार करायला.

चाचांचा ताप काही कमी नव्हता. कॉलेजच्या पालकसभेला ते दर वर्षी जायचे. पहिल्या रांगेत, बॉयलर सूट उतरवून पांढरा शर्ट घालून. एकदा नव्या प्राचार्यांनी विचारलं, "आपण कोणाचे पालक?" चाचा म्हणाले, "ज्यांचं कोणी आलं नाही त्यांचा," आणि प्रश्न विचारायला उभे राहिले ते चहाची वेळ होऊन गेली तरी बसले नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही इथपासून नोटीस फक्त इंग्रजीत का लावता इथपर्यंत. प्राध्यापक त्यांना टाळायचे. काही पोरंही टाळायची, आणि सगळीच टिकली असंही नाही. राजापूरकडचा एक मुलगा त्यांच्या बोलण्याला कंटाळून माडीवर यायचा थांबला आणि पुढे कॉलेजातूनही गेला. चाचा त्याच्या घरी दोनदा जाऊन आले. तो काही भेटला नाही. त्यानंतर बरेच दिवस ते आमच्याशी जरा जपून बोलत, आणि ते आम्हाला जास्त जड जाई.

चाचीला कुठलाच कायदा लागू नव्हता. एकदा तिनं खालून विचारलं, "रात्री पेज नि सुकट चालेल ना?" चाचा आमच्यासमोर होते. "चा..." एवढं तोंडातून निघालं आणि ते थिजले. सगळी माडी त्यांच्याकडे बघत होती. मग खाकरून, अगदी कोर्टात साक्ष दिल्यासारखे म्हणाले, "मला पेज पाहिजे. सुकट नको. भाजलेला बांगडा पाहिजे." खालून चाची म्हणाली, "बांगडा नाय. सुकट आहे." आम्ही लोळायचे बाकी होतो. चाचा मात्र गंभीर. "बघितलंत? मागितलं, मिळालं नाही. मेलो का मी?"

आता मी रत्नागिरीतच एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आंजर्ले नर्सिंगला गेली, सिस्टर आहे. चाचांचे गुडघे गेले, त्यांना जिना चढवत नाही, म्हणून माडी आता पडवीत उतरलीय, आणि पोरं सांभाळायचं काम आम्ही जुनी मंडळी रविवारी वाटून घेतो. चाचा खुर्चीत बसून नव्या पोरांचा छळ करतात. हे सगळं मी आज अशा ऐटीत सांगू शकते, पण फर्स्ट इयरनंतरच्या त्या पावसाळ्यात माझं सगळं संपलंच होतं. आणि ते संपलं होतं माझ्याच त्या एका शब्दानं, ते सांगायलाच हवं.

आमचं गणित शिकवायला घाटावरचे एक नवीन सर आले होते. माणूस सज्जन, पण त्यांच्याकडे शिमगा म्हणजे एका दिवसाची होळी. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी निघते, वाडीवाडीतून घरोघर फिरते, आणि ती आपल्या घरी येते त्या दिवशी मुंबईची माणसंसुद्धा हजर असतात. सरांनी नेमकी त्या दिवशी गणिताची इंटर्नल ठेवली. मला वाटलं, शिमग्यात कोण परीक्षा घेतो, बाकीचेही जाणार नाहीत. बाबा म्हणाले, "पालखी घरात येते नि घरातली पोर नाय, असं व्हायचं नाय." मी म्हटलं, चालेल. परीक्षा आहे हे सांगितलंच नाही. वाटलं, विचारण्यात काय अर्थ. रत्नागिरीतली, कॉलेजच्या आसपासची पोरं परीक्षेला बसली होती. नंतर सरांकडे जाऊन परत घ्या म्हणायला हवं होतं, तेही मी उद्यावर ढकलत राहिले. चाचांना तर मुळीच कळू दिलं नाही.

निकाल लागला. चुलत बहिणीच्या मोबाईलवर बघितला. सगळे विषय सुटले होते, एक गणित नाही, तेही लेखीला सुटून इंटर्नलला नाही. मला केटी पाठ होती. पण बहिणीनं गणितापुढचा तो एफ बाबांना दाखवला आणि बाबा तिला म्हणाले, "झालं. हिनं मिरजोळ्याला कधी यायचं ते कंपनीत विचार." मी तिथंच उभी होते. वर्षभर माडीवर बसलेली, पापलेटवाल्या बाईनं पास केलेली मी. आणि मी म्हटलं, "चालेल."

त्यानंतर मी रत्नागिरीला गेलेच नाही. सेकंड इयरच्या अॅडमिशनचा शेवटचा दिवस सोमवार होता, हे मला माहीत होतं. आंजर्लेचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, आता काही उपयोग नाही. तिनं फोन ठेवला. शनिवारी दुपारी एसटीतून ती उतरली आणि तिच्यामागून पांढरा शर्ट घातलेले चाचा. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. फोनवर माणूस चालेल म्हणतो आणि ठेवून देतो, असं त्यांचं म्हणणं.

दारात मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "बापूस मिरजोळे म्हणाला, तेव्हा तू काय म्हणालीस?"

मी खाली बघितलं.

"मी तुझ्यासाठी बोलायला आलो नाय. सोबत आलोय. तुला जायचंच असेल कंपनीत तर तसं बोल, मी चहा पिऊन जातो. पण बोल."

बाबा बागेतून आले. पाहुणे बघून त्यांनी अंगावर शर्ट चढवला, पडवीत बसले, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, आईनं चहा आणला. चाचांनी कप उचलला आणि ते बाहेर बघत बसले. आंजर्ले छपराच्या वाशांकडे बघत बसली. मला कळून चुकलं की ही दोघं खरोखरच एक शब्द बोलणार नाहीत.

"बाबा," मी म्हटलं, "मला कंपनीत जायचं नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "नापास झालीस ना पण?"

"एक विषय राहिलाय. बाकीचे सुटलेत."

"राहिला म्हणजे नापासच की."

"नाही. नापास म्हणजे घरी बसायचं. राहिला म्हणजे तो परत द्यायचा. तोवर पुढच्या वर्गात बसता येतं."

"असं कुठं असतं?" बाबा चाचांकडे वळले. "काय हो चाचा, खरं बोलते काय ही? तुम्ही मोठी माणसं, तुम्ही सांगा काय ते."

चाचांनी घोटभर चहा घेतला. "मी हिच्या सोबतीला आलोय. मला बोलायचं नाय."

"पण तुम्हाला माहीत असेल ना?"

"माहीत आहे. तिलाही माहीत आहे. तिला विचारा."

बाबांना हे विचित्र वाटलं असणार, पण पाहुण्याला काय बोलणार. ते पुन्हा माझ्याकडे वळले. "मग राहिला कसा तो? अभ्यास केला नाय?"

हेच मला सांगायचं नव्हतं. सांगितलं तर बाबांवर टाकल्यासारखं होणार, आणि देवाच्या कामावर टाकल्यासारखं होणार ते वेगळंच. चाचा खिशातला टॉर्च काढून त्याचं बटण दाबत होते, लाव, बंद, लाव, बंद. एवढी कळ त्यांनी जन्मात काढली नसेल.

"गणिताची एक छोटी परीक्षा होती, ती मी दिली नाही. पालखी आली होती त्या दिवशी."

"आपल्याकडे?"

"हो. तुम्ही म्हणालात थांब. मी म्हटलं, चालेल."

आई दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली.

"मग सांगायचंस ना गो," बाबा म्हणाले. आवाज एकदम उतरला होता त्यांचा. "मला काय माहीत तुझी परीक्षा आहे. पालखी काय लगेच पुढे गेली? सांज होईस्तोवर वाडीतच होती. येऊन पाया पडली असतीस. देव काय रागावला असता?"

"मला वाटलं, विचारून काय होणार."

"मी नाय म्हटलं असतं?"

"तेच माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं ना कधी."

मला रडू फुटलं. भीतीनं नव्हे, रागानं. एवढ्याशा गोष्टीवर, एका न विचारलेल्या प्रश्नावर माझं शिक्षण जाणार होतं, याचा राग. बाबांचा नव्हे, माझाच मला. डोळे पुसून मी म्हटलं, "मला शिकायचंय. बी.एस्सी. पुरी करायचीय, केमिस्ट्री घ्यायचीय. गणित मी सोडवून दाखवते. सोमवारी अॅडमिशन घेतली नाही तर वर्ष जाईल. मला सोमवारी जायचंय."

बाहेर माडांवर पाऊस वाजत होता. बाबा हातावरचा कसलासा वाळलेला चीक नखानं काढत बसले. मग म्हणाले, "मग पहिल्या गाडीनं जा. दुसरीला बसायला मिळत नाय."

चाचांनी टॉर्च खिशात घातला आणि तोंड उघडलं. ते जेवण होऊन शेवटची गाडी येईपर्यंत मिटलं नाही. आंब्यावरच्या मोहोरापासून आखाती बंदरातल्या उन्हापर्यंत सगळं झालं. आमच्या शिक्षणाचा मात्र एक शब्द नाही.

सोमवारी बाबा थांब्यापर्यंत आले. तसे ते कधी यायचे नाहीत, बागेतल्या कामाची वेळ असायची. तोवर मला कुठं जाते म्हणून कोणी विचारलं की ते "रत्नागिरीला जाते" एवढंच सांगायचे, बाजाराला जाते म्हटल्यासारखं. गाडी आली. मी चढले. बाबा खालीच राहिले, पण दांडा धरून कंडक्टरला म्हणाले, "कॉलेजच्या थांब्याला उतरवा हिला. एक विषय राहिलाय तिचा, तो द्यायचाय."

सगळ्या गाडीनं ऐकलं. मला जराही लाज वाटली नाही.